कागदाच्या कडेवरचं गाव

मित्रांनो, दोन सागवानी फळ्या आणि दोन पट्टे, एवढाच माझा जुना देह. कॉलेजात मला 'प्रेस' म्हणत. रानातली रोपं वर्तमानपत्रात घालून माझ्यात आवळायची आणि ओले कागद रोज बदलायचे, की ती छान वाळतात. १९९७ साली मी कोल्हापुरात क्रांतीच्या हाती आलो.

क्रांती नेसरीची. एम.एस्सी.ला पहिली आलेली, पण पाठांतराचा तिला वीट आला होता; आता ती रानातल्या रोपांवर संशोधन करत होती. मैत्रिणीला म्हणायची, "अभ्यासातलं उत्तर कुणीतरी आधीच काढलेलं असतंय. हितं संशोधनात मलाबी ठावं न्हाय, सरांनाबी न्हाय. खरी मजा हीच की!"

तिच्या वडिलांना, आण्णांना, हे पटत नव्हतं. "दिवाळीपातूर कायतरी करून दाखव, न्हायतर नोकरी धर," त्यांनी बजावलं होतं.

त्या पावसाळ्यात तिनं चंदगडचे अकरा सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे कातळाचे माळ, पालथे घातले, साठ रोपं आणली. त्यांतलं एक जांभळं फूल तिनं वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. एसटीत मला मांडीवर घेऊन ती एकटीच हसत होती. चूक एकच झाली. गाव-तारखेची चिठ्ठी देठाला बांधायची सोडून, पावसाच्या घाईत तिनं ते वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं. वहीत नंतर उतरवू म्हणाली.

खोलीवर आण्णा सरकारी परीक्षेचं हॉलतिकीट घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी ती पेपरला गेली. पोरीला तेवढीच मदत म्हणून आण्णांनी एकेक रोप जपून उचललं आणि साठही रोपांना कोरडे कागद घातले.

"आण्णा, जुनं कागद कुठायत?" परत आल्यावर तिनं विचारलं.

"बंबात घातलं की. तुला आंघोळीला पाणी तापवलंय बघ."

साठही रोपांची गावं त्याच कागदांवर होती, आणि कुठं-कधी सापडलं हे कळत नसेल तर रोपाला संशोधनात काडीची किंमत नसते. पण ती म्हणाली, "बरं केलंसा." न्हाणीत जाऊन ती किती रडली, ते मी ऐकलंय.

मैत्रीण म्हणाली, "अंदाजानं गाव लिही की."

"अंदाजानं लिहायला ही काय परीक्षा हाय?"

ती पुन्हा सड्यांवर हिंडली, पण फुलांचा बहर सरला होता. दिवाळी आली. परीक्षेचा निकालही आला.

आता दहा वर्षं ती पन्हाळ्याच्या सरकारी कचेरीत नोकरीला आहे. आण्णा पावण्यांना कौतुकानं सांगतात, "संशोधनात काय न्हवतं. अभ्यासानंच पोरीचं भलं झालं." ती त्यांना चहा देते. माझे पट्टे उंदरांनी कुरतडलेत. कपाटावरून मला खाली घ्यायचं तिला धाडस होत नाही.

मित्रांनो, चिठ्ठी तिथल्या तिथं बांधत जा. आणि ज्या कामात तुमचा जीव आहे, ते घरच्यांना एकदा जवळ बसवून समजावून सांगा. आण्णांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं हो.