एस्मीबायचा नववा दिवस

मयताच्या घरी हसायला जायचं म्हणजे काय, हे ओवे गावातल्या बायकांना काही केल्या समजेना. हौसाला समजत होतं, आणि म्हणूनच ती सकाळपासून न जाण्याची निमित्तं शोधत होती.

गोष्ट अशी. गावातला रामू तरुणपणी जहाजावर होता. एकोणऐंशी साली तो जमैकाहून बायको घेऊनच परतला. एस्मी तिचं नाव. रंगानं काळी, अंगानं उंचपुरी, डोक्यावर फुलांची हॅट. गावानं वर्षभर तिला दुरून पाहिलं, मग ती गावाचीच होऊन बसली. मासळीवालीशी आगरी बोलीत कडाकडा भांडायची आणि भांडण मिटलं की तिच्याच डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. प्रार्थनेला तिला काही म्हणजे काही वर्ज्य नव्हतं. रिक्षा सुरू होईना, कर प्रार्थना. कुकरची शिट्टी होईना, कर प्रार्थना. भारत-वेस्ट इंडिज सामना असला की मात्र बिचारीची पंचाईत व्हायची. डोळे मिटून म्हणायची, "देवा, पाऊस पाड." दर रविवारी हातमोजे घालून नवीन पनवेलच्या चर्चला जायची. पुराच्या वर्षी रिक्षा मिळेना, तर बाई ट्रॅक्टरवर बसून गेली, हॅट तेवढी प्लास्टिकच्या पिशवीत.

अशी एस्मी जाऊन आज नववा दिवस होता. जाण्याआधी तिनं नातीला, भावनाला, बजावून ठेवलं होतं. जमैकात नवव्या दिवशी रडत नाहीत. लोक जमतात, खातात, गातात, गेलेल्याच्या खऱ्याखुऱ्या गोष्टी सांगून पोट धरून हसतात, मगच आत्मा खुशीत निघतो. "नुसता गोड गोड बोललात तर मी जायची नाय. हितंच बसून ऱ्हाईन," असा आजीबाईंचा सज्जड दम होता.

म्हणून संध्याकाळी गच्चीवर सतरंज्या पडल्या. एका टेबलावर एस्मीचं ताट वाढून ठेवलं, भात, सुके बोंबील, तळलेली केळी. ती जेवून जाईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. रामू कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता. नऊ दिवसांत त्यानं हो-नाहीपलीकडे शब्द काढला नव्हता.

आणि लोक? लोक माना खाली घालून बसलेले!

"देवमाणूस होत्या," शेजारचे चारुदत्त म्हणाले.

"गाय व्हती हो, गाय," गंगाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"गाय?" भावना म्हणाली. "काकू, दिवाळीत तुम्हीच तिला वाघीण म्हणाला होतात!"

कुणी हसेना. भावनाचाच चेहरा रडवेला झाला. "अशानं आजी जायची नाही हो. हौसाआजी, तुम्ही तिच्या जिवाभावाच्या. तुम्ही तरी खरं सांगा."

सगळ्या माना हौसाकडे वळल्या. खरं! पंचेचाळीस वर्षं जे गिळून बसली होती, तेच नेमकं मागत होती पोरगी. हौसाला वाटलं, उठावं आणि जिना उतरून घर गाठावं. पण मग एस्मी अडकून राहील आणि तेही आपल्यापायी. तिनं डोळे मिटले.

"मी तिचा केक म्हशीला घातला."

चारुदत्तांनी चष्मा सावरून तिच्याकडे पाहिलं.

"पयल्या नाताळाला तिनं बारा घरांत केक वाटला. काला, मनुक्यांचा, रममदी भिजवलेला. मीच बायकांना सांगितला, ती गुडघ्यावर बसून पुटपुटते, मंतरलेला हाय, खाल तर मराल. बारा घरचा केक माज्या म्हशीच्या घमेल्यात पडला. आनि म्हशीनं तो सगला खाल्लान!"

"मग?" गंगाबाईंचा पदर डोळ्यांवरून खाली आला.

"मग काय! झोकांड्या देत गावभर फिरली. सरपंचाच्या अंगनात बसकन मारलीन, ती सकाल झाली तरी उठं ना!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. हौसाला मात्र हसू येईना. "दुसऱ्या वर्षी लाजंनं मी खाल्ला. ग्वाड लागला. तवापासून दर वर्षी खाल्ला, पन तिला सांगायला तोंड उघडला नाय. तिला ठाव नव्हता, म्हनून मी तिची मैत्रीन ऱ्हायले. लय वाईट वागले गो मी."

"तिला ठाव व्हता," खुर्चीतून आवाज आला. रामू! सगळे वळून बघायला लागले. "त्याच दिशी. म्हशीच्या तोंडाला मनुकं चिकटलेलं. घरी येऊन आधी रडली, मग हसली. दुसऱ्या वर्षापास्नं तुज्या घरचा केक येगला करायची, बिनरमचा. म्हनायची, हौसाच्या म्हशीला दारू सोसत नाय."

हौसानं आ वासला. "म्हंजे इतकी वर्सं... म्हशीचा केक मी खात व्हते?"

मग जे हसू फुटलं! चारुदत्तांचा चष्मा पडला, गंगाबाई सतरंजीवर आडव्या झाल्या, भावना आजोबांच्या गळ्यात पडून हसली, आणि रामूही हसला, खांदे गदगदा हलवत.

हसू ओसरल्यावर हौसानं हळूच विचारलं, "मग मना कवा बोलली का नाय?"

"देवाला बोलायची ना. रोज सकाली, गुडघ्यावर बसून. पोरांच्याआधी तुजा नाव. देवा, हौसाला सांगायचा धीर दे. मना तिला माफ करायचाय, पन ती बोलल्याबिगर कसा करू?"

हौसा उठली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ओठ हसत होते. टेबलाजवळ जाऊन तिनं भरल्या ताटावरची माशी हाकलली.

"आयकलास ना गो? बोलले एकदाची. आता कर माफ, जेव नि नीघ." ती थांबली. मग खुर्ची ताटाशी ओढून तिनं बाजूलाच बसकण मारली. "नायतर घाई नको करूस. बस अजून थोरी."