बहात्तर पांढरे बोल्ट

जाहीर निमंत्रण

आपल्या सबस्टेशनातील वायरमन श्री. कुंडलिक यांनी, नव्या सहा पॅनेलांवर ठेकेदाराने लावलेले प्लॅस्टिकचे बोल्ट स्वतःच्या नजरेने पकडले व पदरमोड करून सर्व बहात्तर जागी स्टीलचे बोल्ट आवळले. या प्रामाणिक सेवेबद्दल त्यांचा सत्कार शुक्रवारी सकाळी दहा वाजता सबस्टेशनच्या आवारात होईल. ठीक अकरा वाजता ऑपरेटर साधनाताईंच्या हस्ते उरलेले तीन नंबरचे पॅनेल चालू होईल. चहा-पोह्यांची सोय केली आहे.

आपला, सावळाराम, सरपंच

गेटवर चिकटवलेला हा कागद साधना स्कूटीवर बसूनच वाचत होती. बहिणीच्या लग्नासाठी आठ दिवस येडगावला गेली होती, हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. पहिल्यांदा वाचताना तिला आनंदच झाला. कुंडलिकभाऊ माळशेजजवळच्या मढचा माणूस, अठ्ठावीस वर्षं खांबावर चढला, पण शाल सोडा, कुणी साधा रुमाल दिला नव्हता.

दुसऱ्यांदा वाचताना ती 'प्लॅस्टिकचे बोल्ट' या शब्दांशी अडली.

ती स्कूटी स्टँडवर न लावताच उतरली.

(स्कूटी पडली.)

मांडवात शंभरेक माणसं. कुंडलिक गुलाबी फेट्यात, अंगावर शाल, चेहरा नवरदेवासारखा. सावळाराम माईकवर. टेबलावर ताटात हळद-कुंकू आणि पांढऱ्या बोल्टांची रास.

"पुरावा!" सरपंच ओरडत होते. "ह्यो बघा पुरावा! येकयेक घ्या, हातात घेऊन बघा. लहान पोरगंबी मोडंल आसा बोल्ट! अकरा हजार व्होल्टाच्या पॅनेलला! आन् आमच्या कुंडलिकनं—"

"थांबा!" साधना म्हणाली.

"थांबतो की. ताई आल्या! ताईंसाठी टाळ्या!"

टाळ्या.

"टाळ्या थांबवा. अकरा वाजता काहीही चालू होणार नाही. ते बोल्ट मोडायलाच हवेत. मोडण्यासाठीच लावलेत ते."

टाळ्या थांबल्या. फक्त मागे कुणीतरी एकटाच वाजवत राहिला, मग तोही ओशाळला.

कुंडलिकचा चेहरा उतरला. "ताई, तुमी ओतूरच्या. माळशेजचं वारं काय आसतं तुमाला ठावं न्हाई. घराचा पत्रा आमी जे-बोल्टनं आवळतो, वर धोंडं ठिवतो, तवा कुठं पावसाळा निघतो. ह्या पॅनेलांच्या डोक्यावर पत्र्याची झाकणं, आन् येका कडेला निस्तं प्लॅस्टिक! पत्रा म्हंजी उडाय न्हाई पायजे."

"हा पत्रा उडायलाच पाहिजे, भाऊ."

"का म्हनून?"

कसं सांगायचं? तिने समोर पाहिलं. पहिल्या रांगेत कुंडलिकची बायको गोजरबाई, नव्या लुगड्यात.

"गोजरबाई, भाकरी निखाऱ्यावर टाकली की काय होतं?"

"फुगती." गोजरबाईंना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग.

"का फुगते?"

"आत वाफ धरती."

"आणि बोट कधी भाजतं?"

"जिथं पातळ आसंल तिथनं फुस्सकन वाफ निघती. तिथं बोट आलं की भाजलंच. आमाला ठाव आसतं ना कुठनं फुटनार ती. तिकडं हातच न्यायाचा न्हाई."

"आणि कुठंच पातळ नसली तर?"

"आशी भाकर कुनी करतं व्हय?"

"तुमच्या मालकांनी केलीय. सहा केल्यात."

मांडव हसला. कुंडलिक हसला नाही. तो हुशार माणूस होता, आता ऐकू लागला होता.

"पॅनेल म्हणजे बंद पेटी," साधना म्हणाली. "आत जोड ढिला असला, ओल असली, पाल शिरली, तर वीज हवेतूनच उडी मारते. आतली हवा एका क्षणात इतकी तापते की फुगायला जागा पुरत नाही. तिच्यासाठी वरचं झाकण. एका कडेला स्टीलचे बोल्ट, बिजागरीसारखे. दुसऱ्या कडेला प्लॅस्टिकचे. ते मोडतात, झाकण उघडतं, आग छताकडे जाते. तुम्ही दोन्ही कडा आवळल्यात. आता सांगा भाऊ, पेटीत पातळ जागा कोणती राहिली?"

कुंडलिकने पॅनेलरूमच्या खिडकीकडे पाहिलं.

"म्होरचं दार," तो म्हणाला.

"आणि चालू करताना दारासमोर कोण उभं राहतं?"

कुंडलिकने तिच्या मेंदीच्या हातांकडे पाहिलं. मग खुर्चीवर चढला. माईक हिसकावून घेतला.

"बोल्ट द्या!" तो ओरडला. "सगळे बोल्ट म्हागारी द्या! येकबी घरी न्यायचा न्हाई!"

आणि मग काय सांगावं. शंभर माणसं, बहात्तर बोल्ट, आणि प्रत्येकाला वाटत होतं की शेजाऱ्याकडे आहे. खिशांतून निघाले, बंड्यांतून निघाले, पोह्यांच्या प्लेटीतून तीन निघाले. एकाने मोडून दाखवायचा प्रयत्न केला, त्याला चौघांनी धरला. फेटा थाळीसारखा धरून कुंडलिक रांगेरांगेतून फिरत होता आणि लोक टाकत होते, त्रेपन्न, चोपन्न. एकाहत्तर झाले. एक नाहीच. सावळारामांनी माईकवरून दरडावलं, विनवलं, शेवटी मागच्या बाकावरून साळुबाई नावाच्या म्हातारीने पानाची चंची उघडली.

"लई गुळगुळीत हाय म्हनून ठिवला व्हता," ती म्हणाली. "सुपारी फोडाय उपेगी पडंल म्हनलं."

"आजी, सुपारीनं ह्योच मोडंल!" कुंडलिक म्हणाला.

"मग कशाला येवढा इंजिनेरचा बोल्ट?"

बहात्तर.

लॉगबुक, साधनाच्या अक्षरात

१०.५२ वरिष्ठ इंजिनिअर वृषाली मॅडमना फोन. पाच पॅनेल सहा दिवस या अवस्थेत चालू असल्याचे कळवले. मॅडम बरेच काही बोलल्या. पूर्ण शटडाऊन मंजूर.

१०.५८ सर्व बंद. तपासले. अर्थिंग केले. अकरा गावे अंधारात (दिवस असल्याने अंधार नाही).

११.०६ कुंडलिक शिडीवर. शाल काढण्यास सांगितले. शाल आपली आहे असे म्हणून नकार. दुसऱ्यांदा सांगितले. काढली.

११.५० चार पॅनेल पूर्ण. बोल्टांना कुंकू आहे. पुसून बसवत आहोत.

१२.३५ सहाही पूर्ण. प्रत्येक बोल्ट मी स्वतः हाताने तपासला. मोडेल इतपतच आवळलेला.

१२.४१ पाच पॅनेल पुन्हा चालू. ठीक.

१२.४६ तीन नंबर. सर्वांना खोलीबाहेर काढले.

सर्वांना, म्हणजे कुंडलिक सोडून. तो दारात उभा. "मी दाबतो बटन. चूक माजी हाय."

"ऑपरेटर मी आहे. व्हा बाहेर."

"ताई—"

"भाऊ, शाल परत घेईन हं."

तो दोन पावलं मागे सरकला. साधनाने हेल्मेटची काच खाली ओढली. झाकणं बरोबर होती, तिला माहीत होतं. तिने बटण दाबलं.

शून्य मिलिसेकंद. बटण.

दोन. ठेकेदाराचं खरं पाप बोल्टांत नव्हतंच. ते आत होतं, दाराआडच्या एका जोडात, जो त्याच्या माणसाने नुसता हाताने फिरवून सोडून दिला होता. तिथून वीज हवेत उडी घेते.

चार. हवा वितळलेल्या तांब्यासारखी. ती जागा मागते.

सात. जागा नाही. भिंती बाहेर ढकलल्या जातात. साधनासमोरचं दार कडीवर ताणलं जातं. साधनाला यातलं काहीही कळलेलं नाही, पापणी हलायलाही याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

नऊ. पांढरे बोल्ट, बाराही, एकदम.

दहा. झाकण उभं. आग वर.

अकरा. दाब उतरतो.

एकशे वीस. आता कुठे रिले जागा होतो आणि वीज तोडतो.

साधारण दीड हजार. साधना म्हणते, "आई गं."

असं ती म्हणाली असावी. तिला स्वतःला ऐकू आलं नाही. कानात एक लांब शिट्टी. छतावर काळा डाग, बैलगाडीच्या चाकाएवढा. खोलीत जळक्याचा वास. समोरचं दार मध्ये बोटभर फुगलेलं, पण कडी लागलेलीच. तिने दाराकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. मोजली बोटं. दहा.

कुंडलिक आत धावत आला आणि तोंड हलवू लागला.

"—— ताई —— —— लागलं ——?"

"काय?"

"—— म्हनतो —— —— का ——!"

"मोठ्यानं!"

"—— —— जिती हाय का!"

"जिती आहे!" ती ओरडली, आणि मग हसू आलं. पोटातून, थांबेना. कुंडलिकने तिचा हात धरून तिला ओढत बाहेर नेलं आणि बाहेर आल्यावर तोही हसू लागला, हसता हसता रडला, गोजरबाईंनी पदराने त्याचं नाक पुसलं. दोघं मांडवात सतरंजीवर उताणे पडले. सावळाराम हार घेऊन उभे, कुणाला घालावा कळेना. शेवटी मध्येच ठेवला, दोघांच्या डोक्यांना अर्धा अर्धा लागेल असा.

"म्या काय येडा व्हतो," कुंडलिक म्हणत असावा.

"काय?"

"येडा!"

"कोण?"

"मी!"

"हो!"

साधनाचा फोन थरथरत होता. तिने तो कानाला लावला, शिट्टीपलीकडे कुणीतरी काहीतरी बोलत होतं, तिने फोन कुंडलिककडे दिला. त्याने ऐकलं. डोळे पुसले.

"वृषाली मॅडम इचारत्यात," तो तिच्या कानात ओरडला, "तीन नंबरची लाईट कवा येनार!"

"सांगा," साधना उताणीच ओरडली, "आज नाही! आणि मी ठीक आहे म्हणावं!"

"त्यांनी तसं काय इचारलं न्हाई!"

"तरी सांगा!"

कुंडलिकने घसा साफ केला आणि फोनवर, सत्काराच्या माईकवर बोलावं तशा आवाजात, सांगायला सुरुवात केली.