पानगाडी आणि बिटानाची भट्टी

मी एक जुनी पानगाडी आहे, मित्रांनो. हा शब्द तुम्ही ऐकला नसेल, कारण माझ्यासारखी दुसरी गाडी तुमच्या गावात बहुधा नसेलच. लहानशा ट्रॅक्टरच्या मागे मला जोडत, माझं रुंद तोंड जमिनीलगत टेकवत, आणि मग गवतावर पडलेली वाळकी पानं मी वाऱ्याच्या ओढीने आत घेत जाई. पोट भरलं की मला खड्ड्याशी नेऊन रिकामं करत. एवढंच माझं काम. पण तोंडात जे जे येई ते काय असेल, कुठून आलं असेल, याचं मला फार कुतूहल. देवाने मला जीभ दिली नाही, तरी प्रश्न मात्र पुष्कळ दिले.

माझा जन्म लखनऊचा. आलमबागेची गर्दी मागे टाकून अमौसीच्या रस्त्याला लागलं की एका सरकारी कारखान्याची वसाहत लागे. वर विमानं उतरताना दिसत आणि खाली कडुनिंब, शीशम, पिंपळ, मोह अशी मोठमोठी झाडं. तिकडे पानगळ हिवाळा सरताना सुरू होते आणि चैत्रापर्यंत चालते. एका सकाळच्या वाऱ्यात सारं मैदान पिवळं होऊन जाई.

सन शहात्तरच्या सुमारास मैदानाचं गवत कापायला कारखान्याने एक छोटा परदेशी ट्रॅक्टर आणला. त्याच्यासोबत आलेल्या चित्रांच्या पुस्तकात पानं ओढणाऱ्या गाडीचं चित्र होतं. ते चित्र मधुसूदनरावांच्या मनात भरलं. मधुसूदनराव मूळचे वर्ध्याचे, कारखान्यात इंजिनीअर. गाडी परदेशातून मागवायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी मला मोडीतून घडवलं. माझा पंखा ओतकाम खात्यातल्या धूळ ओढणाऱ्या जुन्या यंत्राचा, इंजिन शेतातल्या पंपाचं, चाकं मोडक्या स्कूटरची. यंत्रांची मोठी खोकी आली होती, त्यांच्या फळ्यांचं माझं पोट झालं. ताडपत्रीचा नळा एका मोच्याने दुहेरी टाक्यांनी शिवून दिला. पंख्याला मधुसूदनरावांनी धारदार पाती बसवली. त्यामुळे आत येणारं पान कातरूनच पोटात पडे आणि ढीगभर पानांचा घमेलंभर भुगा होई.

मला पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई हळदकुंकू घेऊन आल्या. फार हळू बोलायच्या त्या. त्यांचा प्रत्येक वार कुठल्या ना कुठल्या देवाचा असे. त्यांनी माझ्या तोंडाला कुंकू लावलं, फूल ठेवलं. ट्रॅक्टर चालवणारे मुन्ने मियाँ शेजारी टोपी सावरत उभे होते.

"भाभीजी, दुल्हन को टीका तो लग गया. अब नाम भी रख दीजिए," ते म्हणाले.

"नाव तुम्हीच ठेवा भैया. हाँकना तो आपको है," सुहासिनीबाई हसून म्हणाल्या.

"तो फिर बेगम. चलिए बेगम साहिबा, मुँह खोलिए."

तेव्हापासून साऱ्या वसाहतीत मी बेगम झाले. इंजिन धडधडलं, फूल सर्रकन आत गेलं, आणि माझ्या आयुष्यातला पहिला घास तोच ठरला.

मित्रांनो, ते दिवस मानाचे होते. मी निघाले की मुलं कुंपणावर चढून बसत. मोठे साहेब पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवायला आणत. खड्ड्यातला भुगा हातात घेऊन म्हणत, "देखिए, पूरा मैदान एक गड्ढे में." माझ्या तोंडात काय काय येई म्हणून सांगू? शीशमच्या चपट्या शेंगा, पतंगाचा मांजा, बसची तिकिटं, एकदा तर लहान मुलाचा लोकरी मोजा. सगळ्यात मला आवडे ते पिंपळाचं पान. आत शिरताना ते टाळी वाजवल्यासारखा आवाज करी.

एक प्रश्न मात्र मला सुटत नव्हता. झाडं तर माझ्याहून किती जुनी. मग माझ्याआधी ही सारी पानं जात कुठे होती? खड्डा तर माझ्यासाठीच नवा खणला होता.

उत्तर मिळालं ते एका शुक्रवारी.

माझी शेड मधुसूदनरावांच्या परसाच्या भिंतीला लागून होती. स्वयंपाकघराची खिडकी उघडी असली की आतलं बोलणं मला ऐकू येई. सुहासिनीबाई शुक्रवारचं व्रत करत. दिवसभर आंबटाला शिवायचं नाही, संध्याकाळी देवीला चणे-गुळाचा नैवेद्य, आणि मग तो प्रसाद साऱ्या मुलांना. चणे बाजारातून भाजलेले आणलेले त्यांना चालत नसत. घरचे निवडलेले कच्चे चणे फडक्यात बांधून त्या फाटकाबाहेर बिटानाकडे नेत. बिटाना ही चणे-लाह्या भाजणारी. तिची मातीची भट्टी होती, तिला तिकडे भाड़ म्हणतात. भट्टीवरच्या तापलेल्या वाळूत ती त्यांच्या डोळ्यांसमोर चणे फोडून देई आणि भाजणावळ म्हणून त्यातलेच मूठभर ठेवून घेई.

त्या संध्याकाळी आरती झाली आणि त्यांच्या कांचनचा आवाज आला. लखनऊला वाढलेली मुलगी ती, मराठी सगळं समजे, पण उत्तर हिंदीतच.

"आई, ये तो कच्चा है. दाँत टूट जाएगा."

"भिजवून खा उद्या," सुहासिनीबाई म्हणाल्या. "आज देवीलाही तेच दिलंय."

"अगं पण कच्चे का?" मधुसूदनरावांनी विचारलं. "बिटाना गावाला गेलीय का?"

"इथेच आहे. भट्टी विझलीय तिची."

"विझली म्हणजे?"

"म्हणजे थंड आहे. ते मला काय विचारता? तुमच्या बेगमला विचारा."

आणि काय गंमत पाहा, ते खरोखरच बाहेर येऊन माझ्यासमोर उभे राहिले. मला बोलता येत असतं तरी मी काय सांगणार होते? मलाही आत्ताच कळत होतं. मागून सुहासिनीबाई आल्या आणि त्यांनी सगळं हळूहळू सांगितलं. पानगळ लागली की बिटाना आणि तिच्या घरच्या बायका पहाटे मैदान झाडायच्या. पानांची गाठोडी डोक्यावरून नेऊन भट्टीमागच्या झोपडीत छतापर्यंत रचायच्या. त्याच पानांवर भट्टी वर्षभर चाले, पावसाळ्यातसुद्धा. मी आले आणि झाडूवाल्या बायकांना फाटक बंद झालं. गेल्या वर्षीची शिल्लक होळीच्या लाह्यांत संपली. झाडावर आता थोडीच पानं उरली होती. ती खाली पडून खड्ड्यात गेली की पुढची पानगळ येईपर्यंत भट्टी पेटायची नाही, आणि तोवर बिटानाला ही जागा सोडून भावाकडे मलिहाबादच्या आंब्याच्या बागांत राखणीला जावं लागणार होतं.

मधुसूदनरावांनी माझ्या फळ्यांवर एक थाप मारली. मग म्हणाले, "हात्तिच्या. पानंच हवीत ना? उद्या गाडीच पाठवतो तिच्या दारात."

दुसऱ्या दिवशी मला फाटकाबाहेर नेलं. मी पहिल्यांदा भट्टी पाहिली. काळीभोर, आजीच्या मांडीसारखी रुंद, आणि अगदी थंड. मुन्ने मियाँनी माझं पोट झोपडीत रिकामं केलं. बिटानाने पदराने हात पुसून भुगा चाचपून पाहिला.

"ई तो बड़ा महीन है, भैया."

"महीन है तो और अच्छा. बारीक लकड़ी जल्दी जलती है कि नहीं?"

"हाँ, सो तो है," ती म्हणाली. तिला पटलं, त्यांना पटलं, मलाही पटलं.

पण तसं झालं नाही. भुगा भट्टीत घातला की ज्वाळाच उठेना. दाबून बसलेल्या चुऱ्यात वारा शिरेना, नुसता पिवळट धूर. वाळू कोमट राहिली, चणे फुटले नाहीत, उलट धुराचा वास धरून बसले. बिटाना फुंकणीने फुंकून फुंकून दमली. डोळे चोळत बाहेर आली आणि तिने भट्टीच्या तोंडावर तवा झाकला, घरातलं कुणी वारल्यावर चुलीवर झाकतात तसा. माझी पाती, ज्यांचं साहेब कौतुक करत, त्यांनीच पानातलं जळणं कातरून टाकलं होतं. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या भुकेची लाज वाटली.

मधुसूदनरावांनी त्या रविवारी मला उघडलं. पाती काढणं सोपं होतं. पण पंखा वाटेतच असल्यामुळे पातीशिवायही पान फुटून निघे. मग त्यांनी पंखाच उचलला आणि माझ्या पोटाच्या मागे नेऊन बसवला, म्हणजे वारा पोटातून जाईल आणि पान पंख्याला शिवण्याआधीच खाली पडेल. मध्ये एक लोखंडी जाळी ठोकली. मला तर फार उत्सुकता लागली. उलट्या बाजूने श्वास घेता येतो का हो कुणाला?

मुन्ने मियाँनी मला मैदानावर फिरवलं. थोडी पानं आली, जाळीला चिकटली आणि माझा दमच कोंडला.

"बेगम को ज़ुकाम हो गया, साहब."

"जाळी लहान पडतेय," मधुसूदनराव म्हणाले. "एवढ्याशा जागेतून वारा जाणार कसा? मोठी हवी, पाठभर. पण आज रविवार, स्टोअर बंद. आणि सोमवारी साहेब पाहुण्यांना घेऊन येणार."

"एक दिवस थांबता येत नाही का?" भिंतीपलीकडून सुहासिनीबाईंनी विचारलं.

"थांबलो तर पुन्हा पाती लावून उभं करावं लागेल. पाहुण्यांना भुगा आवडला की मग ती कायमचीच."

त्या आत गेल्या. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटाची दोन्ही दारं घेऊन बाहेर आल्या. हे कपाट त्यांच्या लग्नातलं, दूधदुभतं मांजरापासून राखणारं.

"ही पुरतील का बघा."

"अगं, आणि दूध?"

"परातीखाली झाकेन. मांजराला काय, दारं गेली हे कळायलाच त्याला आठवडा लागेल."

ती दारं माझ्या पाठीत बसली. सोमवारी पाहुणे आले. मी निघाले, आणि पानं येऊ लागली. अख्खी! देठासकट, शिरांसकट. पिंपळाचं पान टाळी वाजवून आत आलं आणि तसंच पोटात पडून राहिलं. इतके दिवस ज्याचा मी नुसता आवाज ऐकला होता, ते मी तेव्हा पहिल्यांदा धड पाहिलं. पण अख्खं पान जागा फार अडवतं. मैदानाचा एक कोपरा झाला न झाला तोच माझं पोट गच्च भरलं.

"ये क्या, मधुसूदन?" साहेब म्हणाले. "पहले तो पूरा मैदान खा जाती थी. बिगाड़ दिया आपने."

मधुसूदनरावांचे कान लाल झाले. तरी ते शांतपणे म्हणाले, "मैदान साफ हो जाएगा, सर. चक्कर ज़्यादा लगेंगे, बस. पत्ते साबुत चाहिए."

"किसे चाहिए?"

"फाटक पर जो भाड़ है, उसे."

पाहुणे हसले. साहेब हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. पुढे त्यांनी मला कुणाला दाखवायला मात्र नेलं नाही.

उरलेल्या पानगळीत मी फाटकाच्या किती फेऱ्या केल्या असतील, देव जाणे. झोपडी भरत आली. बिटानाने भट्टीवरचा तवा उचलला, उदबत्ती ओवाळली आणि आत पानं सारली. एकदम आवाज झाला आणि ज्वाळ उभी राहिली. वाळू तापली. सुहासिनीबाईंचं फडकं सुटलं, चणे टचटच फुटू लागले. पहिले मूठभर बिटानाने स्वतःसाठी ठेवले नाहीत. ती उठून माझ्याकडे आली आणि माझ्या तोंडात ते टाकले.

"अरी बिटाना, ये खाएगी थोड़े ही? ये तो उगल देगी," मुन्ने मियाँ म्हणाले.

"उगल दे. चिरई खा लेंगी. पहिला दाना तो इसी का है."

मुन्ने मियाँनी हसत इंजिन सुरू केलं. ते चणे माझ्या नळ्यातून खडखडत पोटात गेले, आणि पोट रिकामं केलं तेव्हा खरंच चिमण्यांनी वेचले.

त्यानंतर बरीच वर्षं मी चालले. मग मुन्ने मियाँ निवृत्त झाले, ट्रॅक्टरचे सुटे भाग मिळेनासे झाले, आणि मला शेडमागे लावून ठेवलं. माझ्या चाकांत घाणेरी उगवली. ताडपत्री उंदरांनी नेली. पावसाळ्यानंतर कुणी तेलाचा थेंब घातला असता तर मी अजून धावले असते, असं मला वाटतं. म्हणून सांगते, मित्रांनो, तुमच्या घरात असं कुणी जुनं, न बोलणारं असेल, तर त्याला अधूनमधून पुसा, तेल घाला, एकदा चालवून पाहा.

आणि दुसरं, तुम्ही अंगण झाडायला घ्याल तेव्हा. झाडणं चांगलंच. पण केर भरण्याआधी फाटकाबाहेर जाऊन एकदा विचारून या, हे कुणाला हवंय का. मी विचारू शकत नव्हते. तुम्हाला तर येतं विचारता.