हाफबॅकची पंगत

अरुणाबाईंनी तुपाचं पातेलं शेगडीवरून उतरवलं, फडक्याने त्याची कड पुसली आणि स्वयंपाकघराच्या दारातून हॉलमध्ये डोकावून पाहिलं. वरण पंगतीत पोचलं होतं. भात अजून त्यांच्या मागे, ओट्यावरच वाफाळत होता.

"छाया, वरण कुणी गं पाठवलं आधी?"

"पाठवायला कशाला हवंय? उचललं आणि पळाले," छायाबाई झाऱ्यावरची पुरी निथळत म्हणाल्या. "हे वाढतायत की पत्ते पिसतायत, देव जाणे."

चर्चचा हॉल मंडळाने गणपतीसाठी दरवर्षीसारखाच भाड्याने घेतला होता. पण यंदा बुफे नको, खाली बसून पंगत करायची, ही टूम नव्या अध्यक्षाची, गुरुदत्तची. गुरुदत्त मूळचा नागपूरचा, कंप्युटरवाला, टोरांटोहून नुकताच कॅनडातल्याच लंडनला राहायला आलेला. त्याने कुठूनशा पत्रावळी मिळवल्या, सतरंज्या मिळेनात म्हणून योगा मॅट्सच्या रांगा अंथरल्या आणि आपल्यासारखेच उत्साही आठ-दहा जण जमवून प्रत्येकाच्या हातात एकेक भांडं दिलं. वाढायचं कसं, हे मात्र त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ती पोरं मोठी होईपर्यंत पंगती उठून गेल्या होत्या. आता मिठाच्या आधी भाजी पडत होती. कोशिंबीर आणि उसळ समोरासमोर येऊन 'सॉरी, सॉरी' म्हणत एकमेकींना अडवून उभ्या राहत होत्या. एका रांगेला जिलबी दोनदा मिळाली होती आणि भिंतीकडच्या रांगेची पानं अजून कोरी होती. गुरुदत्त माइकवरून "सावकाश होऊ द्या" म्हणत होता, आणि ते फारच सावकाश होत होतं.

अरुणाबाई मागे वळल्या. फ्रीजच्या आडोशाला खुर्चीवर त्यांची नात बसली होती. ऊर्मी. टोपी कपाळावर ओढलेली, दोन्ही हात मांडीत. आजीने गाडी चालवणं सोडल्यापासून तिची ने-आण ऊर्मीच करायची. आजही सोडायला आली, तेव्हा मी गाडीतच बसून राहते म्हणाली होती. आत आली हेच पुष्कळ.

"डोकं दुखतंय का गं?"

"आय'म फाइन, आजी."

ऊर्मी इंग्लंडहून परत आल्यापासून अरुणाबाईंनी तिच्याकडून एवढंच ऐकलं होतं. सुरुवातीला ती बेसमेंटमध्ये पडदे ओढून पडून असायची. आता डोकं दुखणं जवळजवळ थांबलं होतं. हळूहळू सगळं करायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. सगळं, म्हणजे खेळ सोडून. तो आता कधीच नाही. ते ऐकल्यावर पोरगी रडली नाही की चिडली नाही, तिने नुसता आवाज टाकला. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची, तेही शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय अशा बेताने. अरुणाबाईंनी या वर्षी गणपतीपाशी दुसरं काही मागितलं नव्हतं. हिचा आवाज हिला परत दे, एवढंच.

तशी तक्रार करण्याजोगं त्यांच्याकडे काही नव्हतं. त्या आणि दीनानाथ या देशात आले, तेव्हा हिंग मिळवायला अर्धा दिवस मोडायचा. त्याच देशाने त्यांच्या नातीला आपल्या नावाची जर्सी घातली. शाळेत सगळ्या मुलींत बुटकी असलेली ही पोरगी युनिव्हर्सिटीत गेली, आणि उत्तर इंग्लंडमधून आलेल्या तिथल्या एका कोचने तिला बघून म्हटलं, समोरच्यांच्या रांगेत भोक कुठे पडलंय ते सगळ्यांना दिसतं, कुठे पडणार आहे ते हिला दिसतं. त्याने तिच्या पाठीवर सात नंबर चढवला. रग्बी लीग. तेरा जणी एका बाजूला. चेंडू हातात घेऊन पुढे धावायचं, पण द्यायचा तो मागच्याच मुलीला. सहादा पाडलं की चेंडू समोरच्यांचा. त्याच्या आत काय ते करायचं. आणि काय करायचं, कुणी कुठे धावायचं, कुणाला कधी द्यायचं, हे सगळं ठरवते ती सात नंबरची. हाफबॅक.

ती कॅनडाकडून खेळली. मग एका उत्तर इंग्लंडमधल्या गावाच्या क्लबने तिला बोलावून घेतलं. लंडनहून इंग्लंडला गेली असं सांगितलं की पुण्याचे नातेवाईक गोंधळायचे. त्यांना दर वेळी आमचं लंडन ओंटारिओतलं, हे समजावावं लागायचं. त्या गावात तिने सेमीफायनलच्या अखेरच्या मिनिटाला चेंडू टप्पा पाडून लाथेने गोलच्या काठ्यांमधून उडवला आणि एका गुणाने सामना काढला. दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याने तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. त्याच्याकडचे 'पाय', म्हणजे कचोरीसारखं सारण भरून भाजलेले, सगळे मटणाचेच निघाले आणि ऊर्मी मटण खायची नाही, म्हणून त्याने घरी जाऊन हिरवे वाटाणे शिजवून आणले. "आजी, उसळीसारखंच लागतं, फक्त उसळ विसरून खायचं," ऊर्मीने फोनवर सांगितलं होतं. त्या बेकरीवाल्याचं नाव अरुणाबाईंना माहीत नव्हतं. पण देवापुढे निरांजन लावताना त्यांना तो कधी कधी आठवायचा.

प्रत्यक्ष मात्र त्यांनी तिचा एकही सामना पाहिला नाही. दीनानाथांचं डायलिसिस सुरू झालं होतं, त्यांना सोडून जाणं शक्य नव्हतं. दोघं सकाळीच स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचे.

"कबड्डीच ही, अरुणा," दीनानाथ म्हणायचे. "फक्त दम सुटला तरी चालतो."

"अहो, पण हा माणूस बोलतोय की गुळण्या करतोय?"

तिथल्या कॉमेंटेटरचं इंग्रजी दोघांनाही कळत नसे, म्हणून दीनानाथ आवाज बंद करून टाकायचे. मग त्या नि:शब्द हिरव्या मैदानावर एक बुटकी मुलगी हात पसरून तोंड उघडताना दिसायची, आणि तिच्यापेक्षा धिप्पाड बारा जणी तिच्या तोंडाकडे बघून धावायच्या. दीनानाथ गेले, तेव्हा ऊर्मी म्हणाली, आजी, आता तू ये. यायचं ठरलंही. पण त्याच्या आधीच तिच्या डोक्याला तिसरा मार बसला.

हॉलमध्ये काहीतरी हिंदकळलं आणि एकदम ओरडा झाला.

"गेला झब्बा," छायाबाई दाराशी येऊन म्हणाल्या. "आता त्यावर तूप वाढा नि तोच जेवा."

ऊर्मी उठली. दारापाशी येऊन आजीच्या शेजारी उभी राहिली. तिने हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा नजर फिरवली. मग परत.

"सगळे एकाच जागी पळतायत," ती पुटपुटली. "आजी, ऑर्डर काय असते?"

"कसली?"

"वाढायची. फर्स्ट काय?"

"मीठ. मग लिंबू, चटणी, कोशिंबीर, पानाच्या डावीकडे. भाजी, उसळ उजवीकडे. मग भात, भातावर वरण, वरणावर तूप. तूप पडलं की श्लोक म्हणायचा आणि जेवायला लागायचं."

"आणि सगळे एकाच डिरेक्शनने?"

"एकामागोमाग एक. दोघांनी समोरासमोर यायचंच नाही."

"ओके," ऊर्मी म्हणाली. हे 'ओके' अरुणाबाईंना निराळं वाटलं.

ती रांगांच्या मधून चालत गुरुदत्तपाशी गेली आणि तिने त्याच्या माइकवर तळहात ठेवला.

"दादा, हे बंद कर जरा."

आणि मग माइक नसतानाच ती ओरडली, "एव्हरीबडी, स्टॉप!"

हॉल गप्प झाला. बाप्पासमोर आरतीची तबकं पुसणाऱ्या बायकाही थांबल्या.

"मीठ कोण? हात वर. तू त्या भिंतीपासून सुरू कर. चटणी, त्याच्या मागे, दोन पानं सोडून. कोशिंबीर, तू वाइड, तिकडच्या रांगेत. भात, तू हलायचं नाही मी सांगेपर्यंत."

भात म्हणजे एका बँकेतला मोठा साहेब होता. तो हलला नाही.

"मीठ, गो! चटणी, वेट... वेट... नाऊ! उसळ, बाहेरून ये, बाहेरून! वरण, पानात काय बघतोस, माझ्याकडे बघ!"

"अगं बाई," छायाबाई म्हणाल्या. तेलातली पुरी त्या विसरल्या.

पोटातून येणारा, रुंद आवाज होता तो. इंग्रजी कॅनडाचं, त्याला त्या इंग्लंडमधल्या गावाचा हेल लागलेला, आणि मधूनच अरुणाबाईंच्या स्वयंपाकघरातलं मराठी. आवाजात राग नव्हता, घाईही नव्हती. चटणी खांबापाशी पोचायच्या आत तिने उसळीला हाक मारली होती, आणि उसळ पोचली तेव्हा वाट मोकळी होती. विस्कटलेली माणसं एका रेषेत आली. ती रेषा तिरपी होऊन हॉलभर सरकायला लागली. बसलेल्यांपैकी कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"आजी, तूप! तू लास्ट. माझ्या मागे राहा."

पातेलं दोन्ही हातांत धरून अरुणाबाई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या जवळून त्यांना तिची पाठ दिसत होती. ओरडायच्या आधी खांदे किंचित वर यायचे, डावा पाय जरा मागे सरकायचा. पाय सरकायचा ते त्यांना ओळखीचं होतं, लॅपटॉपवर पाहिलेलं. पण आवाज त्या आज पहिल्यांदा ऐकत होत्या. हे ऐकायला त्या गावातली माणसं पावसात उभी राहायची. अहो, ऐकताय ना, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं.

"भात, गो! वरण, त्याच्या खांद्याला चिकटून! आजी... थांब... थांब... जा!"

अरुणाबाई निघाल्या. गुडघे कुरकुरत होते, पण प्रत्येक पानाशी त्या वाकल्या आणि प्रत्येक वरणभातावर तुपाची धार धरली. कुणी "काकू, पुरे" म्हणालं, कुणी "थोडं आणखी" म्हणालं. त्यांना नीट दिसत नव्हतं. शेवटच्या पानावर धार पडली, तेव्हा मागून श्लोक सुरू झाला.

सगळे जेवून उठल्यावर वाढप्यांची पंगत बसली. आता जेवलेल्यांनी वाढायचं, हे कुणाला सांगावं लागलं नाही. छायाबाई जिलबी घेऊन फिरत होत्या. अरुणाबाईंनी तूप मात्र कुणाच्या हाती दिलं नाही. आपण नंतर बसू म्हणाल्या.

गुरुदत्त ऊर्मीच्या शेजारी बसला होता.

"यार, तू वाचवलंस आज. मॅनेजमेंटमध्ये आहेस का? इव्हेंट्स वगैरे?"

छायाबाई जिलबीचं ताट घेऊन मध्येच थांबल्या. मंडळातल्या जुन्या माणसांपैकी कुणीही हा विषय काढत नसे. तिच्या मागे उभ्या असलेल्या अरुणाबाईंनी पातेल्याची कड घट्ट धरली. आता 'आय'म फाइन' येईल आणि पोरगी पान अर्धं टाकून गाडीत जाऊन बसेल, असं त्यांना वाटलं.

ऊर्मीने तोंडातला घास संपवला.

"नाही," ती म्हणाली. "मी हाफबॅक होते." शेवटचा शब्दही तिने बाकीच्यांइतकाच मोठ्याने म्हटला.

"कशात?"

"रग्बी लीग. कॅनडाकडून. मग इंग्लंडमध्ये."

"सीरियसली?" गुरुदत्तने हातातली पुरी खाली ठेवली. "म्हणजे हाफबॅकने नेमकं काय करायचं असतं?"

ऊर्मीने रांगेवरून नजर फिरवली. मीठ, चटणी, उसळ, बँकेतला भात, सगळे माना खाली घालून जेवत होते.

"वाढायचं," ती म्हणाली.

"आणि स्वतः उपाशी राहायचं?" छायाबाईंनी तिच्या पानात दोन जिलब्या टाकल्या. "ते झालं आता. पान रिकामं कर आधी. भात अजून कोरडाच आहे तुझा."

ऊर्मीने पानाकडे पाहिलं. भात खरोखरच कोरडा होता. ती हसली, मान वर केली आणि हॉलच्या पार पलीकडच्या भिंतीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"आजी, तूप!"

अरुणाबाई तिच्या खांद्याशीच उभ्या होत्या.