तिसरं भूत जांभळं पेटतं

आमच्या पवनची एक तऱ्हा सांगते. लोणावळ्यात टुरिस्ट गाडी चालवतो. चिक्कीचं पाकीट घेतलं तरी आधी पालथं करून तारीख वाचतो. टायर घ्यायला गेला तर दुकानदाराला रडवून येतो. पण भुतं उतरवणारा गेणू महाराज समोर आला, की हाच पवन हात जोडून असा उभा राहतो, जसं काही डोळे आणि कान चपलेबरोबर बाहेर काढून ठेवलेत. पोटचा आहे म्हणून झाकावं, तर मला ते जमत नाही.

त्या दिवशी आमच्या अंगणात पार कान्हे गावापासूनची माणसं लोटली होती. पोरं पत्र्यावर चढलेली. मधोमध पाण्याचं घंगाळ, आणि समोर पाटावर माझी नात प्रेरणा, दहावीतली. आई गेल्यापासून पोर जेवत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती, भिंतीकडं तोंड करून पडायची. महाराज म्हणाला, "आईला लागलेलं लेकीकडं आलंय." भुतं जाळायची, मग पोरीची शाळा सोडवून तिला त्याच्या मठात ठेवायची, असं ठरलं. पवननं मान डोलावली.

तिची आई म्हणजे माझी सून, सारिका. तिला मनाचा आजार होता. कधी अंथरुणातून उठायची नाही, कधी झोपायचीच नाही, बोलत सुटायची. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, वरचेवर रक्त तपासलं, आणि कितीतरी वर्षं ती ताळ्यावर होती. माझ्याशी भांडायचीसुद्धा व्यवस्थित. दिवाळीनंतर ह्याच घंगाळात महाराजानं तिची भुतं जाळून दाखवली आणि म्हणाला, आता गोळ्या कशाला? पवननं त्या उकिरड्यावर फेकल्या. मी आडवी आले तर म्हणाला, "आये, तुला काय कळतंय त्यातलं?" थोड्याच दिवसांत तिची झोप उडाली. एका पहाटे स्वतःशी बोलत रुळाच्या कडेनं चालत गेली. घरी आणली ती चादरीत.

आईसाठी झुरणाऱ्या लेकराला भूत लागलं म्हणत नाहीत, एवढं मला शाळेत न जाता कळतं. म्हणून मी प्रेरणाच्या विज्ञानाच्या बाई, इफ्फत मॅडम, यांना बोलावून माझ्याशेजारी बसवलं.

महाराजानं तोंड उघडलं. "तीन भावंडं हायती हिच्या अंगात. धाकटं येतं लंगडत, मधलं येतं पळत, थोरलं येतं पेटत. कुनी शिंकू नगा. शिंकला त्याच्या घरी मुक्कामाला जातील."

राख फासलेला एक खडा त्यानं झाकणाच्या डबीतून काढून पाण्यात सोडला. खडा तरंगला आणि सावकाश फसफसत राहिला. वर हळद टाकली, तर पाणी लाल झालं.

"रगात," महाराज म्हणाला.

"साबणानं हळदीचा डाग बी लाल हुतो," मी म्हटलं. "मग माज्या लुगड्याचं बी रगात निगतं व्हय?"

"आये, गप बस," पवन म्हणाला.

दुसरा खडा पडला. त्याची गोळी झाली आणि ती पाण्यावर सैरावैरा पळाली. माणसांनी हात जोडले.

तेवढ्यात इफ्फत मॅडम उठल्या. "महाराज, जरा थांबा. तुमचं तिसरं भूत कसं येईल ते मीच सांगते. पाण्याला टेकताच पेटेल. ज्योत फिकट जांभळी असेल. आणि हळद त्यातही लाल होईल."

महाराजाचा हात डबीवरच राहिला. "थोरलं रुसलंय आज. बाईमानसाची सावली पडली."

"रुसू द्या. आमी काढतो समजूत," म्हणत मी डबी ओढून घेतली. आतून रॉकेलचा वास आला. मॅडमनी चिमट्यानं तुकडा उचलला, सगळ्यांना लांब सारलं आणि हळद घातलेल्या नव्या पाण्यात तो सोडला. भक्कन ज्योत उठली, जांभळी. पाणी लाल.

ह्या वेळी कुणी हात जोडले नाहीत. पत्र्यावरची पोरं हसायला लागली, आणि महाराज भुतं तिथंच टाकून जीपकडं चालू लागला. माणसांनी त्याला जाऊ दिलं नाही.

मॅडमनी प्रेरणाचं पुस्तक मागवलं आणि मूलद्रव्यांच्या चौकटींचं पान उघडून तिच्यापुढं धरलं. "पहिली उभी ओळ, हायड्रोजन सोडून खाली वाच, बाळा."

पोरीनं ओळीवर बोट ठेवलं. मग इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकला. "लिथियम. सोडियम. पोटॅशियम."

"खाली जाताना काय होतं?"

"बाहेरचा इलेक्ट्रॉन मधल्या केंद्रापासून लांब जातो. पकड सैल होते. म्हणून खालचा धातू जास्त तापट."

"चुलीपासून लांब बसलेल्याला ऊब कमी लागते, तो आधी उठून जातो, तसंच," मॅडम आम्हाला म्हणाल्या. "उभ्या ओळीत एका स्वभावाची मंडळी बसवलीत. महाराजांचे तीन खडे म्हणजे हेच तीन धातू, तिघंही हळद लाल करतात. हा तक्ता मांडला तेव्हा काही चौकटी रिकाम्या होत्या. तिथं कसलं मूलद्रव्य येईल ते आधी सांगितलं, आणि पुढं ती तशीच सापडली. महाराज करून बघितलेलंच सांगतात, तक्ता कुणी न पाहिलेलंही आधी सांगतो."

प्रेरणाचं बोट मात्र वरच्या नावावरच होतं. "मॅडम, लिथियम. आईच्या गोळीच्या पाकिटावर हेच होतं. मीच द्यायचे तिला."

मॅडम तिच्याजवळ टेकल्या. "हो बाळा. गोळीत ते दुसऱ्याशी जोडलेलं असतं. मिठातही सोडियम असतं, पण मीठ पाण्यात पेटत नाही. मापात दिलं, तर ते मन स्थिर ठेवतं."

महाराजाच्या घंगाळात जे भूत म्हणून लंगडत आलं, त्याच्याच आधारानं सारिका इतकी वर्षं उभी होती. पवन घंगाळाजवळ येऊन बसला. डोकं धरून म्हणाला, "आये, मला काय म्हाईत?"

मी त्याच्या पुढ्यात बसले. सगळ्यांसमोर बोलले.

"पवन, महाराजानं डबी झाकली हुती. गोळीच्या पाकिटावर तर नाव छापल्यालं हुतं. चिक्कीवरची तारीख वाचतूस, बायकूच्या गोळीवरचं वाचलं न्हाईस. कळत न्हाई तितं इचारायचं आसतं, हात जोडायचं न्हाईत. सारिका भुतानं न्हेली न्हाई. तू घालवलीस. उद्यापास्नं पोरीला शाळंत तूच सोडायचं, आन रोज सांजच्याला ती काय शिकली ते तिच्याम्होरं बसून वाचायचं."