खरखर आणि शिंपी

रेडिओवाल्याने खरखरीचं मूळ स्वतःच्याच दारात शोधलं आणि आईदेखत शिंप्याची माफी मागितली. आता हे घडलंच नाही असं समजा, कारण रेडिओवाला तसंच समजतो.

त्याचा थोरला भाऊ दूरच्या बेटावर हवामान मोजायला होता. तिथे फोन नाही. दर रविवारी संध्याकाळी तो घरच्या बिनतारी रेडिओवर बोलायला यायचा आणि आई खुर्ची सरकवून ऐकत बसायची. उद्यापासून महिनाभर तो बेटाच्या पलीकडच्या टोकाला, रेडिओशिवाय. आणि नेमकी आजच पत्र्यावर वाळू ओतावी तशी खरखर.

कुणाचा तरी स्वस्तातला चार्जर असणार, असं रेडिओवाल्याने आईला ऐकवलं. असला चार्जर वीज सारखी तोडतो-जोडतो आणि त्याचा कचरा रेडिओत येऊन पडतो. त्याने रागाने रेडिओ बंद केला, खरखरीचा माग काढायला छोटा ट्रान्झिस्टर उचलला आणि तावातावाने निघाला.

शेजारी खरखर होती. पुढे कमी झाली. शहाणा माणूस इथून मागे फिरला असता. याने ठरवलं, आपल्याला बघून लोक गुपचूप चार्जर उपटतायत. म्हणजे खरखर जितकी कमी, तितका माणूस बिलंदर. गल्लीच्या टोकाला शिंप्याच्या दुकानात ट्रान्झिस्टर निवांत गाऊ लागला, तशी याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याने शिंप्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शिंप्यानेही कात्री ठेवून तोंडानेच याचं माप काढलं. शेवटी सोक्षमोक्ष लावायला भांडत भांडत दोघे याच्या घराकडे निघाले, आणि खरखर वाढत गेली.

"बघा, तुम्ही आलात की वाढते."

"अहो, मी काय विजेवर चालतो?" म्हणत शिंप्याने बेल दाबली.

आईने दार उघडलं. दारामागे बेलच्या ॲडाप्टरपाशी ट्रान्झिस्टर किंचाळला. हेडफोनमुळे दार वाजलेलं कळत नाही, म्हणून ही बेल रेडिओवाल्याने सकाळीच स्वतः बसवली होती. शिंप्याने ॲडाप्टर उपटला आणि खरखर थांबली.

"त्याची वेळ गेली," आई म्हणाली. "खरखरीतूनही मला कळला असता रे त्याचा आवाज. तू रेडिओच बंद करून गेलास."

मग ती न घडलेली माफी. मग खोलीचं दार लावून त्याने हवामान खात्याला अर्ज लिहिला: 'तांत्रिक अडचणीमुळे वाया गेलेला आजचा रविवार संध्याकाळपासून पुन्हा घेण्यात यावा, ही नम्र विनंती. दोषी ॲडाप्टर जमा करण्यास अर्जदार तयार आहे.'