फाटक धरणारे हात

रविवारची दुपार होती आणि रुग्णालयाच्या लाँड्रीत कामगार आणि त्यांच्या घरची मिळून चाळीसेक माणसं भिंतीकडे तोंड करून, शाळेत शिक्षा झाल्यासारखी उभी होती. हात खाली सोडलेले, मनगटांची मागची बाजू भिंतीला टेकलेली. स्पीकरवर ‘फाटक क्रमांक चार’ या श्राव्य मालिकेचा सातवा भाग चालू होता. एका लष्करी तळावर मेलेले सैनिक उठून चालू लागतात आणि जिवंत उरलेले सहाजण तळाचं फाटक आतून दाबून धरतात, अशी ती गोष्ट.

“भिंत म्हणजे फाटक. रेटा. जीव खाऊन रेटा,” कॅप्टन बजावत होता.

हा कॅप्टन कुठल्याच सैन्यातला नव्हता. गेल्या वर्षापर्यंत तो दारोदार पाण्याचे फिल्टर विकायचा. मालिका गाजली आणि ऐकणाऱ्यांच्या प्रतिक्रियांचा पूर आला. कुणाचा म्हणे ऐकता ऐकता पंखा बंद पडला, कुणाचं दूध उतू गेलं. एकीची सासू दोन दिवस गप्प बसली, तेव्हा सूनबाईंनी पुढचे भाग लवकर टाकण्याची विनंती केली. कॅप्टनने या सगळ्या प्रतिक्रिया वहीत उतरवल्या, डोक्यावर लष्करी टोपी चढवली आणि जाहीर करून टाकलं की हे आवाज नटांचे नव्हेत, खऱ्या मेलेल्यांचे आहेत. ते ऐकणाऱ्याच्या अंगात शिरतात, आणि किती शिरले ते तोच तपासू शकतो.

मिनिटभराने स्पीकरवर फाटक कोसळलं. “दोन पावलं मागे. हात सैल,” कॅप्टन म्हणाला. आणि सगळ्यांचे हात हळूहळू, कुणी न उचलता, समोरून वर येऊ लागले. काहींना रडू फुटलं. सगळ्यांत उंच गेले ताईचे हात, थेट खांद्यापर्यंत.

ताई म्हणजे या लाँड्रीची मुकादम. तिची धाकटी बहीण शाळेत खेळ शिकवायची, म्हणून तिला सगळे बाई म्हणत. ताईच्या पित्ताशयात खडे झाले होते. कळा येऊन ती दोनदा गडाबडा लोळली होती, आणि ऑपरेशनसाठी उद्या सकाळी तिला भरती व्हायचं होतं. कॅप्टनने तिचे हात न्याहाळले आणि सुस्कारा सोडला. चाकू लागला की फाटक उघडलं, तो म्हणाला. हिने वर्षभर अंगाला हत्यार लावू द्यायचं नाही. ताईने लगेच मान डोलावली.

बाईला भांडायचं होतं, पण कुठल्या तोंडाने? हट्टाने तीही भिंत रेटत उभी राहिली होती, आणि तिचेही हात वर आले होते.

फक्त एकाचे हात लोंबतच राहिले. कपडे वाळवायच्या मशीनवरचा तो कामगार. त्याला सगळे निवांत म्हणत, कारण टोपली उचलण्याआधी तो चहा प्यायचा आणि उचलल्यानंतरही. कॅप्टनने त्याला शुद्ध आत्मा ठरवलं आणि दोघीतिघी त्याच्या पायाही पडल्या.

बाईचं डोकं इथे अडलं. चहाच्या सुट्टीत तिने निवांतला गाठून विचारलं, भिंतीवर जोर किती लावलास?

“जोर कसला, नुसता टेकलो होतो,” तो म्हणाला. “रविवार आहे, बाई.”

बाई चादरींच्या कोठीत शिरली, दार लावलं आणि भिंत रेटू लागली. ना स्पीकर, ना मेलेले. साठपर्यंत मोजून ती मागे सरली. हात वर आले. मग तिला एकटीलाच हसू आवरेना.

दुसऱ्या फेरीला तिने स्पीकरला स्वतःचा फोन जोडला आणि ताईला म्हणाली, माझ्यासाठी एकदाच रेट. मुकादम उभी राहिली म्हटल्यावर बाकीचेही उभे राहिले. आणि स्पीकर बोलू लागला, “ड्रममध्ये क्षमतेपेक्षा जास्त कपडे भरू नयेत. खिसे तपासून घ्यावेत.” नव्या कामगारांना पहिल्या दिवशी ऐकवतात ती ध्वनिफीत होती ही. मिनिट झालं, सगळे मागे सरले, आणि हात पुन्हा वर आले.

“मेलेले यंत्रातही शिरतात,” कॅप्टन घाईने म्हणाला.

बाईने सगळ्यांना खाली बसवलं, हात मांडीवर ठेवायला सांगितले आणि सातवा भाग पुन्हा लावला. फाटक कोसळलं. एकाचंही बोट हललं नाही. मग तिने कॅप्टनला भिंतीशी बोलावलं, तर त्याचा खांदा अचानक दुखू लागला.

“स्नायूवर मिनिटभर जोर दिला की थांबल्यावरही तो थोडा वेळ ओढतच राहतो,” बाई म्हणाली. “म्हणून हात वर जातात. जो मन लावून रेटेल त्याचे जास्त, आणि काहींचे जातच नाहीत. ताई वर्षानुवर्षं ओल्या चादरींचे गठ्ठे उचलते. तिच्याएवढं इथे कोण रेटणार?”

लोक निवांतकडे बघून हसू लागले. त्याचं देवपण एका चहापुरतंच टिकलं. कॅप्टन मागच्या दाराने निघून गेला.

ताई मात्र हसली नाही. ती आपल्या हातांकडे बघत बसली होती.

“मला वाटलं, बरं झालं, सुटले,” ती हळूच म्हणाली. “मला त्या टेबलावर झोपायची भीती वाटते गं.”

“मग तसं म्हण ना. भीतीवर डॉक्टर बोलतील, मी बोलेन. भुताशी कोण बोलणार?”

मालिका खुशाल ऐकावी, अंगावर काटा येतो त्याची मजाही घ्यावी. पण कुणी आपल्याला आपल्याच हातांचा अर्थ सांगू लागला, तर आधी दार लावून स्वतः करून पाहावं. त्याला मिनिटभर पुरतं.

सोमवारी सकाळी भरतीच्या खिडकीवर कारकुनाने ताईला विचारलं, काही त्रास, काही शंका?

“भीती वाटते,” ताई म्हणाली, आणि अर्जावर सही केली.